जिवाणूंचं बस्तान

पिण्याच्या पाण्याचा हंडा दोन-तीन दिवस घासला नाही आणि आतून बोट फिरवलं, की बुळबुळीत लागतं. पाणी नितळ दिसतं, वास येत नाही, तरी हंड्याच्या अंगाला काहीतरी धरलेलं असतं. नुसतं विसळून ते जात नाही, घासणी घेऊन रगडावंच लागतं. हा बुळबुळीतपणा म्हणजे जिवाणूंनी स्वतःभोवती सोडलेला चिकट साका. त्यात ते गर्दीने राहतात. रोगजंतू म्हटलं की पाण्यात, रक्तात किंवा हवेत मोकळे फिरणारे जीव आपल्या डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात जिवाणूंचा ओढा असतो तो कशाला तरी चिकटून बसण्याकडे. आधी बस्तान, मग पुढचे उद्योग.

हे पहिल्यांदा दिसलं ते दातांवर. डेल्फ्टचे कापड व्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहुक यांनी १६८३ मध्ये आपल्याच दातांवरचं किटण खरवडून स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरलं आणि वळवळणारे जीव पाहिले. व्हिनेगरने ते मरतात का, हेही त्यांनी तपासलं. खरवडून काढलेले मेले, पण दातांवर व्हिनेगर फिरवल्यावर फक्त वरच्या थरातले मेले, आतले शाबूत. आज प्रतिजैविकांच्या बाबतीत डॉक्टरांना जी डोकेदुखी होते, ती साडेतीनशे वर्षांपूर्वी एका दुकानदाराने पाहून लिहून ठेवली होती!

पुढे रोगजंतुशास्त्र चंबूत आणि परीक्षानळीत शिरलं. एका जातीचा शुद्ध जिवाणू, सकस द्रव आणि त्यात पोसलेली पोरं. त्यातून मोठे शोध लागले, पण भिंतीला चिकटलेल्यांकडे फारसं कोणी पाहिलं नाही. अपवाद होते. क्लॉड झोबेल यांनी १९४३ मध्ये दाखवलं, की बाटलीत भरून ठेवलेल्या समुद्राच्या पाण्यातले जिवाणू काचेला धरतात आणि तिथेच वाढतात. पाण्यात विरळ असलेलं अन्न पृष्ठभागावर साचतं, हे त्यामागचं एक कारण. मग कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या विल्यम कॉस्टरटन यांनी डोंगरी ओढे तपासले. वाहत्या पाण्यात जिवाणू तुरळक, तळाच्या दगडांवर मात्र दाट. १९७८ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलेल्या लेखानंतर हा विषय मार्गी लागला.

चिकटणं एका दमात होत नाही. जिवाणूचं अंग आणि बहुतेक नैसर्गिक पृष्ठभाग दोन्ही ऋणभारित, त्यामुळे अगदी जवळ आल्यावर ते एकमेकांना ढकलतात. पाण्यात क्षार असले की हे ढकलणं कमी पडतं आणि रेणूंमधल्या क्षीण आकर्षणाला वाव मिळतो. या टप्प्यावरची पकड कच्ची असते. जिवाणू सुटून पुन्हा पोहू लागू शकतो. मग अंगावरचे बारीक तंतू पुढे होतात, जागा पकडतात, आणि शेवटी साका सोडला जातो. गोड्या पाण्यातला कॉलोबॅक्टर नावाचा जिवाणू तर देठाच्या टोकाला असा डिंक लावतो, की तो उपटायला दर चौरस मिलिमीटरला जवळपास ७० न्यूटन, म्हणजे सात किलोंच्या आसपास ओझ्याइतकं बळ लावावं लागतं.

शरीरात मात्र नुसता डिंक पुरत नाही, नेमकी जागा ओळखावी लागते. लघवीच्या जंतुसंसर्गाला बहुतेक वेळा ई. कोलाय कारणीभूत असतो. त्याच्या अंगावर शेकडो तंतू असतात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे किंवा थोडे अधिक लांब. प्रत्येकाच्या टोकाला ‘फिमएच’ नावाचं प्रथिन. मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशींवर मॅनोज या साखरेचे रेणू असतात, ते हे प्रथिन धरतं. आता खरी गंमत. लघवीचा लोट आला की जंतू वाहून जायला हवा. पण सिअ‍ॅटलमध्ये वेंडी थॉमस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की ताण पडला की ही पकड ढिली न होता उलट आवळते. ओढलं की प्रथिनाचा आकार बदलतो आणि साखरेभोवतीची खाच मिटते. ताण गेला की पुन्हा सैल, म्हणजे जंतू पुढे सरकायला मोकळा. त्यात तंतूही गुंडाळी उलगडून लांबतो आणि हिसका पचवतो.

याहून बेरकी चाल लहान मुलांना जुलाब लावणाऱ्या ई. कोलायच्या एका प्रकाराची. आतड्याच्या पेशीवर त्याला हवं ते प्रथिन नसतं, म्हणून तो आपलंच प्रथिन पेशीत टोचतो, ते पेशीच्या पृष्ठभागावर उभं राहतं आणि हा त्यालाच चिकटतो. बसायचा पाट काखेत घेऊन आलेला पाहुणाच!

चिकटण्याची ही सवय माणसाच्या पथ्यावरही पडते. पटकीचा जंतू तळ्यातल्या बारीक कवचधारी जीवांच्या अंगाला धरून राहतो. एकटा जंतू फडक्यातून आरपार जातो, पण ज्याला तो चिकटलाय तो जीव अडकतो. रिटा कोलवेल यांच्या गटाने बांगलादेशातल्या मतलब भागात बायकांना जुनेराच्या घड्या करून पाणी गाळायला लावलं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पटकीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. आपल्याकडे नारूच्या दिवसांत पाणी गाळून प्या म्हणून गावोगाव सांगत, तेही अशाच एका कवचधारी जीवासाठी, सायक्लॉप्ससाठी. माझ्या मते जुनेराचा तो प्रयोग या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा. खर्च शून्य.

दवाखान्यात मात्र चित्र वेगळं. सलाइनची सुई, कृत्रिम सांधा, पेसमेकरची तार, लघवीची नळी: शरीरात घातलेली प्रत्येक परकी वस्तू ही जिवाणूंसाठी मोकळी जागा. तिच्यावर साका धरला की आतले जंतू औषधाला दाद देत नाहीत. औषध आत पोचायला अडतं, शिवाय आतले बरेच जंतू सुस्त पडलेले असतात, आणि वाढत्या पेशींवर बेतलेली औषधं सुस्त जंतूंपुढे हतबल होतात. अशा वेळी बऱ्याचदा ती वस्तूच काढावी लागते.

चिकटूच द्यायचं नाही, असे उपाय शोधणं सुरू आहे, पण आजवरचा हिशोब फारसा आशादायक नाही. मॅनोजची पूड घेतली तर जंतू तिलाच धरतील आणि वाहून जातील, ही कल्पना ऐकायला फक्कड. पण वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग होणाऱ्या ५९८ ब्रिटिश स्त्रियांवरच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले, मॅनोजचा उपयोग दिसला नाही. चांदीचा मुलामा दिलेल्या लघवीच्या नळ्यांनीही २०१२ मधल्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत निराशाच केली.

लघवीची नळी आत असेल, तर लघवीत जंतू येण्याची शक्यता दर दिवशी सुमारे ३ ते ७ टक्के असते. म्हणून घरचं कोणी दवाखान्यात असेल आणि नळी लावलेली असेल, तर राउंडला आलेल्या डॉक्टरांना रोज एवढं जरूर विचारा: आज ही नळी ठेवायची खरंच गरज आहे का?