पिंजऱ्यात शेळी, गेटबाहेर कचरा

बिबट्याचा हल्ला झाला की पहिली मागणी ठरलेली असते – ‘पिंजरा लावा!’ आरे असो, बोरिवली असो की मुलुंड, लोक रस्त्यावर उतरतात, पुढारी येतात आणि वन विभागाच्या टेम्पोतून लोखंडी पिंजरा येतो. पिंजरा आला की सगळ्यांना जरा हायसं वाटतं. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय किंवा जखमी झालंय, त्यांची ही मागणी चूक कशी म्हणायची? पण पिंजरा नक्की काय करतो, हेही आपण एकदा समजून घ्यायला हवं.

शेळीवाला सापळा

पिंजऱ्याचे दोन भाग असतात. मागच्या कप्प्यात शेळी किंवा कोंबड्या. मध्ये जाळी, त्यामुळे बिबट्या त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पुढचा भाग रिकामा, दार वर उचललेलं. आमिषाच्या वासाने, आवाजाने बिबट्या आत शिरतो, खालच्या फळीवर त्याचा पाय पडतो आणि दार धाडकन खाली येतं. एवढी साधी गोष्ट.

ही युक्ती जुनीच आहे. पूर्वी शिकारी माचाणावर बसायचे आणि खाली बोकड किंवा रेडकू बांधायचे. 1926 मध्ये जिम कॉर्बेटने रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला, तोही बांधलेल्या शेळीवर आला तेव्हाच. आज बंदूक नसते, भुलीचं इंजेक्शन असतं. आमिष मात्र तेच.

आमिषाची अडचण एकच आहे. भुकेल्या जनावरांपैकी कोणाला बोलवायचं, हे ते ठरवू शकत नाही. 2022 च्या दिवाळीत आरेच्या युनिट 15 मध्ये सोळा महिन्यांची एक चिमुरडी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. पिंजरे लागले आणि काही दिवसांत एकामागोमाग दोन बिबटे अडकले. मग प्रश्न उरतोच, हल्ला करणारा यातला कोणता? त्यासाठी कॅमेरा ट्रॅपचे फोटो काढून अंगावरचे ठिपके जुळवावे लागतात. प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. ही ओळख न पटवता नुसताच पिंजरा लावला तर वाटेने जाणारा कुठलाही बिबट्या ‘गुन्हेगार’ ठरू शकतो.

जुन्नरने शिकवलेला धडा

‘मग सगळेच पकडा ना, आणि लांब सोडून या!’ हा सल्ला तुम्ही कट्ट्यावर ऐकला असेल. हा प्रयोग महाराष्ट्रात करून झालाय. 2001 पासून जुन्नरच्या ऊसपट्ट्यात बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्याचा हिशेब मांडला. जुन्नर भागात आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे. स्थलांतर सुरू झाल्यावर ही सरासरी 17 वर गेली. हल्ल्यांत जीव जाण्याचं प्रमाणही 18 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर, म्हणजे थेट दुप्पट झालं.

असं का व्हावं? बिबट्याला स्वतःचा इलाखा असतो. कुठे लपायचं, कुठल्या वाटेने माणसं जातात, हे त्याला पाठ असतं. अनोळखी जागी सोडलं की तो बिथरतो, परत फिरायला बघतो आणि वाटेत माणसांच्या समोर येतो. इकडे त्याची जागा रिकामी झालेली असते. तिथे दुसरा, बहुतेक वेळा तरुण आणि अननुभवी बिबट्या येऊन बसतो. 2011 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने बिबट्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. बिबट्या दिसला म्हणून लगेच पकडू नका, हाच त्यांचा सूर होता.

अमेरिकेतही काही वेगळं घडलेलं नाही. तिथे आपल्या कोल्ह्याचा एक भाऊबंद आहे, कोयोट. मेलेली गुरं माळावर टाकायची आणि वासावर आलेल्या कोयोटला सापळ्यात धरायचं किंवा गोळी घालायची, हा तिथला जुना प्रकार. एकटं सरकारी खातंच वर्षाला पन्नास हजारांहून जास्त कोयोट मारतं. तरी कोयोट संपला नाही. तो पसरत पसरत शिकागोसारख्या शहरात जाऊन राहिला. जागा आणि खाणं शिल्लक असेल, तर जनावर येतंच.

खरं आमिष आपल्या गेटबाहेर

खाणं कुठून येतं, हा प्रश्न म्हणूनच कळीचा आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं. 2015 मध्ये निकीत सुर्वे यांच्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात इथे आणि आसपास किमान 35 बिबटे दिसले. एवढ्याशा जागेत एवढे बिबटे कसे मावतात? जंगलात चितळ, सांबर आहेतच. पण जंगलाच्या कडेला भटके कुत्रेही आहेत. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाचा अंदाज असा, की इथले बिबटे वर्षाला सुमारे 1500 कुत्रे खात असावेत. त्यामुळे कुत्रा चावण्याचे आणि रेबीजचे धोके कमी होतात, असंही त्या संशोधकांनी मांडलं. म्हणजे बिबट्या आपल्यावर उपकारही करतोय.

पण कुत्रे कशावर जगतात? सोसायटीच्या गेटबाहेर वाहून चाललेल्या कचराकुंडीवर, चायनीजच्या गाडीमागे फेकलेल्या हाडांवर, चिकनवाल्याने नाल्यात टाकलेल्या आतड्यांवर. तबेल्याजवळ मेलेलं वासरू उघड्यावर पडलं, तर तीही मेजवानीच. कचऱ्यावर कुत्रे आणि डुकरं येतात, त्यांच्यामागे बिबट्या येतो. पिंजऱ्यातली शेळी चार रात्री असते. हे आमिष बाराही महिने मांडलेलं असतं, तेही आपण राहतो त्या दाराशी.

आणि एक गोष्ट, रील करणाऱ्यांसाठी. ठाणे खाडीच्या खारफुटीत, विक्रोळी-मुलुंडकडे, सोनेरी कोल्हे आहेत. व्हिडिओसाठी त्यांना चिकनचे तुकडे टाकायचा मोह कोणाला होत असेल, तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचा. ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत मारणं तर आहेच, पण पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं आणि तसा नुसता प्रयत्न करणंही आहे. बिबट्यासाठी पिंजरा लावायलासुद्धा वन विभागाला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते.

आपल्या हातात काय?

आरेतल्या पाड्यांवर वारली कुटुंबं वाघोबाला देव मानतात. याचा अर्थ ते बेफिकीर राहतात असा नाही. बिबट्या शेजारी आहे हे मनात धरून ती माणसं वावरतात. 2011 पासून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमात वन विभाग, अभ्यासक आणि स्वयंसेवकांनी हीच गोष्ट सोसायट्यांपर्यंत आणि शाळांपर्यंत नेली. यातलं बरंचसं तुम्हीही करू शकता.

अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं सोडू नका. टॉर्च वापरा, एकटे असाल तर मोबाइलवर गाणं लावून चाला. शौचाला उघड्यावर जावं लागणं हा वस्त्यांमधला मोठा धोका आहे, म्हणून संडास आणि दिवे मागणं ही बिबट्यापासून बचावाचीच मागणी आहे. कुत्र्यांना खाऊ घालत असाल तर उरलेलं उचला आणि त्यांच्या निर्बीजीकरणासाठी पाठपुरावा करा. बिबट्या दिसला तर गर्दी करून त्याला घेरू नका. पळायला वाट मिळाली नाही की तो अंगावर येतो. वन विभागाचा 1926 हा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

खरोखर माणसांवर सवयीने हल्ले करणारा बिबट्या असेल, तर पिंजरा लावावाच लागतो, आणि तो लावणं वन विभागाचं काम आहे. पण आपल्या सोसायटीची कचराकुंडी झाकलेली आहे का, गाडी रोज येते का, हे बघायला कुणाची परवानगी लागत नाही. कॉलेजच्या एनएसएसला यंदा प्रोजेक्ट हवाच असेल, तर तो गेटबाहेरच आहे.