जुना ट्रॅक्टर आणि तेलाची ताकद

लिंबायतमधील पुष्कळ घरांचे मूळ गाव खानदेशात आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत उधन्याहून गाडीत बसले, की नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत आपापल्या गावी उतरायचे. तिथे काकांच्या किंवा मामांच्या अंगणात बहुधा एक जुना, २५ ते ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर उभा असतो. अलीकडे या घरांत एकच चर्चा ऐकू येते. शेजाऱ्याने हायड्रॉलिक ट्रॉली घेतली, पलटी नांगर घेतला. आपल्या ट्रॅक्टरवर ते चालेल, की नवा ट्रॅक्टर कर्जाने घ्यावा? सुरतेहून पैसे पाठवणाऱ्या भावालाही त्यात मत द्यावे लागते. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत.

विद्यार्थी मित्रांनो, विज्ञानाच्या पुस्तकातला पास्कलचा नियम इथे कामाला येतो. बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. समजा, पंप दर चौरस सेंटीमीटरला १५० किलो इतका दाब देतो आणि ट्रॉलीखालच्या जॅकचा आतला व्यास १० सें.मी. आहे. दट्ट्याचे क्षेत्रफळ झाले सुमारे ७८.५ चौ. सें.मी. त्याला १५० ने गुणा. उत्तर ११,७७५ किलो, म्हणजे जवळजवळ बारा टन! जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी दाबणारा प्रेस आणि आपल्या रस्त्यावर कचरा ओतणारा डंपर याच हिशेबावर चालतात.

तेव्हा जोर कमी पडत नाही. अडते ते तेलाच्या मापावर. वरच्या जॅकचा दट्ट्या १०० सें.मी. बाहेर यायचा तर सुमारे ७.८५ लिटर तेल आत जायला हवे. जुन्या ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला १५ लिटर तेल देत असेल, तर ट्रॉली उचलायला अर्धा मिनिट लागेल. शेतकऱ्याला तेवढी घाई नसते. या कामाला इंजिनची ताकदही फार लागत नाही. गळती आणि घर्षण धरून साधारण ६ अश्वशक्ती पुरते.

पण हे आठ लिटर तेल येते कुठून? अनेक जुन्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि लिफ्टचे तेल एकच असते. तेवढे तेल अचानक जॅकमध्ये गेले, की आतली पातळी खाली जाते, पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो आणि पंप कुरकुरू लागतो. म्हणून ट्रॉली पूर्ण वर असताना आत किती तेल उरते, हे आधी पाहावे. शिवाय ट्रॉलीच्या पाईपमधली माती तेलाबरोबर थेट गिअरबॉक्समध्ये जाते. कपलर पुसल्याशिवाय जोडू नये, एवढे जरी पाळले तरी पंपाचे आयुष्य वाढते.

दुसरी अडचण वाटेची. हॅरी फर्ग्युसन यांची तीन दांड्यांची हायड्रॉलिक लिफ्ट १९३९ मध्ये फोर्ड ट्रॅक्टरवर आली आणि पुढे जगभर पसरली. या लिफ्टमध्ये तेल फक्त वर ढकलते. खाली आणायचे काम अवजाराचे वजन करते. ट्रॉलीचेही तसेच, म्हणून तिला एक पाईप पुरतो. लिफ्टला बाहेर तेल काढायचे तोंड असेल, तर काम भागते. पलटी नांगराच्या जॅकला मात्र दोन्ही बाजूंनी तेल लागते. त्यासाठी दोन पाईपांचा, लिव्हरवाला व्हॉल्व आणि परतीच्या तेलाला वाट करून द्यावी लागते.

तिसरा मार्ग आम्हाला अधिक बरा वाटतो. मागच्या पीटीओवर वेगळा पंप आणि त्याची स्वतःची तेलटाकी बसवायची. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो; पंपाला जास्त वेग हवा असल्याने मध्ये गिअर घालतात. पंप मिनिटाला ३० लिटरचा असेल, तर टाकी निदान ६० लिटरची असावी, म्हणजे तेल थंड राहते. ट्रॅक्टरच्या तेलाला यात हात लागत नाही. मात्र तेव्हा पीटीओवर दुसरे काही चालणार नाही, आणि ज्या ट्रॅक्टरांत क्लच दाबताच पीटीओ थांबतो तिथे पंपही थांबेल.

आता नांगराचे. तेल नांगर पलटवून देईल, पण जमिनीतून ओढणार कोण? दोन फाळांचा हायड्रॉलिक पलटी नांगर बहुधा ४५ ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरसाठी बनवलेला असतो. कापसानंतरच्या काळ्या रानात छोटा ट्रॅक्टर जागेवर चाके फिरवतो, आणि नांगर उचलला की पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. ट्रॉलीसाठी जुन्या ट्रॅक्टरवर खर्च करायला हरकत नाही. अशा नांगरासाठी करू नये. खोल नांगरट वर्षातून एकदाच असते, ती भाड्याच्या ट्रॅक्टरने करून घेणे परवडते.

काही कारागीर दाब वाढवायला रिलीफ व्हॉल्वचा स्क्रू आवळून देतात. पाना हाती आला की मोह होतोच! पण तो व्हॉल्व पाईप फुटू नये म्हणूनच असतो. त्याला हात लावू देऊ नका.

सुट्टीत गावी जाणाऱ्या मुलांसाठी दोन गोष्टी. उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू लावल्याशिवाय कोणीही जायचे नाही; एक पाईप सुटला तरी ती क्षणात खाली येते. उचलण्याआधी वर विजेची तार नाही ना, तेही पाहायचे. आणि गळती बोटाने कधीच शोधायची नाही. सुईएवढ्या छिद्रातून येणारे तेल कातडी भेदून आत जाते. वर फक्त एक ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून गळती पाहावी. तेल आत गेल्याची शंका जरी आली, तरी घरगुती उपाय न करता त्याच वेळी मोठ्या दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांना 'दाबाचे तेल आत गेले आहे' असे स्पष्ट सांगावे.