बाळाचे झबले घरी शिवताना

बारशाला अंगडे-टोपडे नेण्याची चाल आपल्याकडे टिकून आहे. ते घरी शिवण्याची मात्र मागे पडली आहे. शिवण शिकू इच्छिणाऱ्यांनी आरंभ झबल्यापासून करावा, असे आमचे मत आहे. कापड थोडे लागते व काम एका बैठकीत होते. मात्र शिवण बोचली तर ती ज्याला बोचते त्याला सांगता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती साडीची सर नव्या मलमलीलाही येत नाही. नवे कापड घेतल्यास ते रात्रभर भिजवून, वाळवून मगच बेतावे; सुती कापड पहिल्या धुण्यात आटते.

खरी कसोटी गळ्याची. सरळ कापलेल्या पट्टीला गळ्याच्या वळणावर चुण्या पडतात. तीच पट्टी 45 अंशांत तिरपी, म्हणजे उरेब, कापली की अलगद वळते. रुंदी सुमारे 1 इंच पुरे.

शिवणीच्या कडा आत राहिल्यास कातडीला घासतात. म्हणून त्या बाहेरच्या अंगास घ्याव्यात. दोन कडांपैकी एक निम्मी कापावी, दुसरी तिच्यावर दुमडून बारीक तुरपाई करावी. दिसण्यात थोडे उणे वाटेल, वाटू द्यावे.

गुंडी सुटली तर बाळाच्या तोंडात जाते, म्हणून कापडाचे बंद लावावेत. ते पुढच्या बाजूस व गाठीपुरतेच लांब असावेत. पाठीवरची गाठ निजल्यावर रुतते. जरीच्या काठाची हौस कुंचीच्या बाहेरच्या कडेवर भागवावी.