कोपरानं वाजणारा ‘सा’

इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडणारी ‘मिडी’ ही १९८३ची प्रणाली आवाज पाठवत नाही. कोणता स्वर, किती जोरानं (१ ते १२७) अशा सूचनाच कळवते. त्यासाठी कळ बोटानंच दाबावी असं नाही. कोपर, हनुवटी, फुंकर, काहीही चालतं. ब्रिटनमधलं ‘साउंडबीम’ तर स्पर्शाविना वाजतं : श्राव्यातीत ध्वनिलहरी हाता-मानेचं अंतर मोजतात. बोटं नीट न चालणाऱ्या वादकाची सोय अशी होते; अंध वादकाची अडचण वेगळी. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची फिरती बटणं हाताला कळतात. गुळगुळीत टचस्क्रीनवर बोटाला काहीच लागत नाही. (याला सुधारणा म्हणायचं!) नागपुरात व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था आहे, अंध विद्यालयही आहे. प्रकल्पाला विषय शोधणाऱ्यांनी दोन-चार मोठी बटणं आणि यूएसबीवरून मिडी पाठवणारा ‘आर्डुइनो लिओनार्दो’ हा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड घेऊन सुरुवात करावी. आराखड्याआधी वादकाला मात्र विचारावं.