वाट चुकलेला ससा सापडला तर

सोसायटीच्या आवारात ससा दिसला, तर आधी तो पाळीव आहे की रानातला, हे पाहावे. पांढरा, ठिपकेदार, लाल डोळ्यांचा किंवा लोंबत्या कानांचा असेल तर तो पाळीवच. त्याचे मूळ युरोपातले. आपल्या रानात ती जात नाही. आपल्या माळावरचा ससा भुरकट-तपकिरी, लांब पायांचा आणि मानेमागे काळा डाग असलेला.

रानातल्या सशाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तो घरी ठेवता येत नाही. त्याचे पिल्लू गवतात एकटे, निपचित बसलेले दिसले तरी ते बहुधा अनाथ नसते. आई दिवसभर लांब राहते आणि अंधारात येऊन पाजून जाते. पिल्लाला हात लावू नये. जखमी असेल तर वनविभागाला 1926 वर कळवावे.

पाळीव ससा पकडताना पाठलाग करू नये. घाबरला की तो थेट रस्त्यावर धावतो. पहाट आणि संध्याकाळ या त्याच्या फिरण्याच्या वेळा. दोघा-तिघांनी मोठे पुठ्ठे भिंतीसारखे आडवे धरून त्याला हळूहळू कोपऱ्यात आणावे आणि अंगावर टॉवेल टाकावा.

कान धरून कधीच उचलू नये. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि अंग आपल्या पोटाशी टेकलेले. मागचे पाय लोंबकळले की तो जोरात लाथ झाडतो, आणि त्या झटक्याने त्याचाच कणा मोडू शकतो.

घरात शांत, सावलीची खोली निवडावी. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते. पारा तिशीपुढे गेला की तो कासावीस होतो, म्हणजे आपला एप्रिल-मे त्याला जड. पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली तर तो तिला टेकून बसतो. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, म्हणून गोणपाट अंथरावे. लपायला एका बाजूने कापलेले खोके द्यावे. चार्जरच्या वायरी मात्र आधी उचलाव्यात.

कितीही मळलेला असला तरी आंघोळ घालू नये. भिजल्याने अंग गार पडते आणि धसक्याने ससा दगावू शकतो. मळ ओल्या फडक्याने पुसला तरी पुरे.

आता खाणे. इथेच सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या प्रेमापोटी होतात. शेजारच्या काकू गाजर आणतात, मुले बिस्किट देतात, कोणी वाटीत दूध ठेवते. सशाचे खरे अन्न गवत. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चघळूनच झिजतात. आतडीही गवताच्या चोथ्यानेच चालती राहतात. सुके गवत किंवा स्वच्छ जागेची हरळी सतत समोर असावी. रस्त्याकडेचे, फवारणी झालेले गवत नको. याआधी तो काय खात होता हे आपल्याला माहीत नसते, म्हणून पाला एकेक करून, थोडा थोडा द्यावा: कोथिंबीर, मुळ्याचा किंवा गाजराचा पाला. गाजरात साखर असते, ते चवीपुरते. पोळी, भात, कांदा, लसूण, चॉकलेट अजिबात नको. पाणी जड वाडग्यात द्यावे.

खाण्याइतकेच लक्ष लेंड्यांकडे हवे. गोल, कोरड्या, एकसारख्या लेंड्या भरपूर पडत असतील तर पोट ठीक आहे. कधी मऊ, चकाकत्या लेंड्यांचा घोस दिसतो किंवा ससा त्या खाताना दिसतो. ते अर्धवट पचलेले अन्न असते आणि तो ते पुन्हा खाऊन त्यातले पोषण मिळवतो. त्याला अडवू नये.

पण दहा-बारा तास त्याने काहीच खाल्ले नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर ‘उद्या बघू’ म्हणू नये. आतडी थबकण्याचे हे लक्षण, डॉक्टर त्याला जीआय स्टॅसिस म्हणतात. ससा दुखणे लपवतो. कोपऱ्यात गप्प बसला की आपल्याला तो शहाणा वाटतो, आणि तिथेच वेळ जातो.

एरवीही एक-दोन दिवसांत पशुवैद्याला दाखवावे. सशाचा अनुभव आहे का, हे आधी फोनवर विचारावे. कानात खपल्या, नाकावर-पंजांवर पांढरट थर असेल तर ती खरूज असू शकते आणि आपल्यालाही खाज सुटते, हात धुवावेत. शेपटीखाली घाण साचली की माशा अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या होतात. कुत्र्याचे गोचिडाचे औषध लावू नये. त्यातले फिप्रोनिल सशाला विषारी असते. अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखी प्रतिजैविकेही तोंडावाटे दिल्यास घातक ठरतात.

घरी आधीचा ससा असेल तर दोघांना किमान दोन आठवडे वेगळे ठेवावे. पाहुणी मादी असेल आणि स्वतःचे केस उपटून घरटे करू लागली, तर पिल्ले होण्याची शक्यता धरावी. गर्भकाळ जेमतेम महिन्याचा असतो.

दरम्यान मालकाचा शोध. सोसायटीचा ग्रुप, आसपासचे दवाखाने, दुकानांवर चिठ्ठी. फोटो टाकताना एखादी खूण गाळावी, म्हणजे ‘माझाच आहे’ म्हणणाऱ्याला ती विचारता येते. पुष्कळदा कोणीच येत नाही, कारण ससा हरवलेला नसून सोडून दिलेला असतो. उपाशी-तहानलेला राहील अशा रीतीने प्राणी सोडून देणे हा 1960 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड मात्र 10 ते 50 रुपये, म्हणजे कोथिंबिरीच्या दोन जुड्या.

मालक मिळाला नाही म्हणून ससा बागेत किंवा टेकडीवर सोडू नये; कुत्री, मांजरे आणि घारी त्याला फार दिवस ठेवत नाहीत. नवे घर शोधताना समोरच्याचे घर एकदा पाहून यावे. ससा सोपवताना चालू असलेले गवत आठवड्याभराचे सोबत द्यावे आणि तो काय, किती खातो ते कागदावर लिहून द्यावे.