हिवतापाची गोळी आणि पावातले यीस्ट

मागे एका पावसाळ्यात एक तरुण शेतकरी थंडी वाजून ताप भरला म्हणून दवाखान्यात आला. रक्ताच्या तपासणीत फॅल्सिपॅरम जातीचा हिवताप निघाला. मी तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी घाम येऊन ताप उतरला, तेव्हा त्याने उरलेल्या गोळ्या 'पुढच्या खेपेला होतील' म्हणून फडताळात ठेवून दिल्या. पंधरवड्याने घरच्यांनी त्याला पुन्हा आणले, ते बरळत असताना. जिल्हा रुग्णालयात तो वाचला, पण थोडक्यात.

त्या गोळीमागे केवढी खटपट आहे, हे आज सांगतो.

या गोळीतील मुख्य औषध आर्टेमिसिनिनपासून करतात. चीनमधील संशोधिका तू यूयू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली ते तिथल्या एका दवण्याच्या जातीच्या वनस्पतीतून वेगळे केले. त्याबद्दल त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण हे औषध शेतात पिकते. पीक कमी-जास्त झाले की भाव वर-खाली होतात आणि गरीब रुग्ण अडचणीत येतो.

म्हणून अमेरिकेतील जे कीसलिंग या शास्त्रज्ञांनी पाव फुगवणाऱ्या यीस्टला कामाला लावले. पेशीतील प्रत्येक बदल एकेक विकर, म्हणजेच एन्झाइम, घडवून आणते. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळेतील विकर पिठाची साखर करते. यीस्टही आपल्या विकरांच्या साहाय्याने साखरेपासून पायरीपायरीने स्वतःला लागणारे स्निग्ध पदार्थ बनवते. शेतकरी दारे धरताना एका सरीचे पाणी अडवून दुसरीत सोडतो, तसेच शास्त्रज्ञांनी केले. यीस्टची नेहमीची वाट अरुंद केली, त्या वनस्पतीतील विकरांची जनुके यीस्टमध्ये घातली आणि ओघ आर्टेमिसिनिक आम्लाकडे वळवला. या आम्लापासून पुढे रासायनिक क्रियेने औषध तयार होते. २००६ साली एका लिटरमागे सुमारे १०० मिलिग्रॅम आम्ल मिळत होते. २०१३ पर्यंत ते २५ ग्रॅमवर गेले. त्याच वर्षी कारखान्यात उत्पादनही सुरू झाले. मात्र पुढे शेतातला माल स्वस्त झाल्याने यीस्टची वाट मागे पडली. तरीही पीक बुडाले तर दुसरी सोय आहे, हे काय थोडे झाले?

आता मुद्द्याचे. हे औषध जंतू झपाट्याने मारते, म्हणून ताप लवकर उतरतो. पण ते काही तासांतच शरीरातून निघून जाते. लपून राहिलेल्या जंतूंसाठी तीन दिवस डोस लागतात आणि जोडीला दुसरे औषध द्यावे लागते. अर्धवट उपचाराने आजार उलटतो. शिवाय चिवट जंतूंना वाव मिळतो. कंबोडियाच्या भागात या औषधाला दाद न देणारे जंतू आढळले आहेतच. ते पसरले, तर यीस्ट कितीही औषध बनवो, उपयोग काय?

तेव्हा थंडी-ताप आला की आधी रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी व औषधे मोफत मिळतात. गरोदर स्त्रीने तसे डॉक्टरांना आधी सांगावे. ताप उतरला तरी गोळ्या पूर्ण संपवा. फडताळात एकही उरता कामा नये.