दुखणं पोकळीत, मूळ दाराशी

"मला सायनस आहे," असं सांगणारं कुणी ना कुणी प्रत्येक घरात भेटतं. खरं म्हणजे सायनस आपल्या सगळ्यांनाच असतात. हे आजाराचं नाव नव्हे, शरीराच्या एका भागाचं नाव आहे. चेहऱ्याच्या हाडांमध्ये हवेनं भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. गालाच्या हाडांत दोन, कपाळात भुवयांच्या वर दोन, नाक आणि डोळा यांच्यामध्ये मधाच्या पोळ्यासारख्या लहान लहान कप्प्यांचे दोन पुंजके, आणि नाकाच्या अगदी मागे, मेंदूच्या तळाशी दोन. अशा या चार जोड्या. त्यांच्या आतल्या अस्तराला सूज आली, की त्याला सायनसायटिस म्हणायचं. या दुखण्याला कंटाळलेली माणसं गोळ्या, थेंब, वाफारा, एक्स-रे असा प्रवास वर्षानुवर्षं करत राहतात. म्हणून हे दुखणं मुळात होतं कसं, ते आज समजून घेऊ.

गालातला सायनस सर्वांत मोठा. प्रौढ माणसात त्याचं आकारमान साधारण १५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे मावतील एवढं असतं. इंग्लंडमधल्या नॅथॅनिएल हायमोर या वैद्यानं १६५१ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. या पोकळीची एक गंमत आहे. तिचं नाकात उघडणारं दार तळाशी नाही, वर छताजवळ आहे. पाण्याच्या टाकीची तोटी वरच्या कडेला बसवावी, तसा हा प्रकार. मग आपण उभे असताना आतला चिकट स्राव बाहेर पडतो कसा?

ते काम करतात अस्तरावरचे डोळ्यांना न दिसणारे बारीक केस. शास्त्रीय भाषेत त्यांना सिलिया म्हणतात. वाऱ्यावर डोलणाऱ्या भाताच्या शेतासारखे ते एका लयीत, सेकंदाला साधारण दहा वेळा हलतात आणि स्रावाचा पातळ थर सतत दाराकडे ढकलत राहतात. या थरात धूळ, जंतू, परागकण अडकतात. पुढे हा स्राव नाकातून घशात उतरतो आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. हे केस नीट काम करतात का, हे पाहण्याची एक साधी चाचणी आहे. नाकात पुढच्या बाजूला सॅकरिनचा छोटा कण ठेवतात. केस निरोगी असतील, तर सर्वसाधारणपणे वीस मिनिटांच्या आत घशात गोड चव लागते.

ही व्यवस्था लक्षात येण्यापूर्वी शल्यचिकित्सकांनी या पोकळीकडे टाकीसारखंच पाहिलं. न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॉल्डवेल यांनी १८९३ साली आणि पॅरिसच्या हेन्री ल्यूक यांनी १८९७ साली एक शस्त्रक्रिया सांगितली. वरचा ओठ उचलून गालाच्या हाडातून पोकळीत शिरायचं, सुजलेलं अस्तर काढून टाकायचं आणि नाकाच्या बाजूला, खालच्या पातळीवर एक नवी खिडकी करायची. साचलेलं आपोआप खाली वाहून जाईल, असा सरळ हिशेब त्यामागे होता. पुढची कित्येक दशकं ही शस्त्रक्रिया जगभर होत राहिली. काहींना गुण आला, पण बऱ्याच जणांचं दुखणं परत आलं. "सायनसचं ऑपरेशन करून उपयोग नाही, ते पुन्हा होतंच," ही समजूत आपल्याकडे रुजली, तिचं एक मूळ या अनुभवात आहे.

असं का होत होतं, याचं उत्तर ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात मिळालं. वॉल्टर मेसरक्लिंगर या नाक-कान-घसा तज्ज्ञांनी सायनसमधल्या स्रावाच्या प्रवासाचं चित्रीकरण केलं. मृत्यूनंतरही काही तास हे केस हलत राहतात, याचा त्यांना उपयोग झाला. त्यांना दिसलं, की स्राव ठरलेल्या वाटेनं नैसर्गिक दाराकडेच जातो. वाटेत माणसानं केलेली मोठी खिडकी आली, तरी तिला वळसा घालून तो जुन्या दाराचाच रस्ता धरतो. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. गालाचा, कपाळाचा आणि पुढच्या लहान कप्प्यांचा स्राव नाकाच्या मधल्या भागातल्या एका अरुंद बोळात येतो. सर्दीनं किंवा ॲलर्जीनं तिथलं अस्तर थोडं जरी सुजलं, तरी समोरासमोरच्या भिंती एकमेकींना टेकतात, केसांची हालचाल थांबते आणि मागच्या पोकळ्या तुंबतात. म्हणजे दुखतं गालात, पण बिघाड असतो दाराशी.

हा बोळ जिवंत माणसात पाहता आला, तो इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या काचेच्या दांड्यांच्या भिंगांमुळे. त्यांच्यामुळे बारीक पण स्वच्छ चित्र दाखवणाऱ्या दुर्बिणी तयार झाल्या. नाकाच्या दुर्बीण तपासणीवरचा मेसरक्लिंगर यांचा ग्रंथ १९७८ साली इंग्रजीत आला. त्यांचे शिष्य हाइन्झ स्टामबर्गर आणि अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे डेव्हिड केनेडी यांनी १९८५च्या सुमारास ही पद्धत जगभर पोहोचवली. आज ज्याला आपण 'दुर्बिणीतून सायनसचं ऑपरेशन' म्हणतो, ते हेच. चेहऱ्यावर बाहेरून छेद घेत नाहीत, अस्तर शक्य तितकं जपतात आणि बोळातला अडथळा दूर करून नैसर्गिक दार मोकळं करतात.

पण बहुतेकांवर शस्त्रक्रियेची वेळ येतच नाही. साध्या सर्दीतही सायनस भरतात. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुकतीच सर्दी झालेल्या ३१ जणांचं सीटी स्कॅन केलं, तेव्हा २७ जणांच्या गालातल्या सायनसमध्ये दोष दिसला. काही जणांचं स्कॅन दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा केलं, तेव्हा प्रतिजैविकांशिवायच बहुतेकांचे सायनस स्वच्छ झाले होते किंवा खूपच सुधारले होते. सर्दीच्या दिवसांत काढलेल्या फोटोत सायनस भरलेले दिसले म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही, ते यासाठीच.

सर्दी पिकली, शेंबूड पिवळा-हिरवा झाला, की औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणायचं ही आपली सवय. पण हा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळेही येतो आणि विषाणूंच्या सर्दीतही दिसतो. या प्रश्नावरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासणारा कॉक्रेन आढावा २०१८ साली आला. नुकत्याच सुरू झालेल्या सायनसच्या दुखण्यात प्रतिजैविक न घेताही ४६ टक्के रुग्ण आठवड्यात, तर ६४ टक्के दोन आठवड्यांत बरे झाले. प्रतिजैविकांमुळे शंभरात जेमतेम पाच ते अकरा जण लवकर बरे झाले. उलट शंभरात तेरा जणांना जुलाब, पोटदुखीसारखे जादा त्रास झाले. जोराचा ताप, एकाच बाजूला तीव्र दुखणं, किंवा बरं वाटू लागल्यावर पुन्हा दुखणं उलटणं अशी लक्षणं एकत्र दिसली, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. त्या वेळी डॉक्टर देतील ते औषध ठरल्याप्रमाणे पुरं करावं.

दुसरा घोटाळा डोकेदुखीचा. अमेरिकेत २००४ साली, स्वतःला 'सायनसची डोकेदुखी' आहे असं समजणाऱ्या किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेल्या २,९९१ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं अर्धशिशीची निघाली. चेहऱ्याची आणि डोक्याची संवेदना वाहणारी नस एकच असल्यामुळे अर्धशिशीतही नाक चोंदतं, डोळ्यांना पाणी येतं आणि गाल जड होतो. म्हणून वारंवार डोकं दुखतंय, पण नाकातून घट्ट स्राव नाही, वासाची जाणीवही शाबूत आहे, अशा वेळी सायनसवरचे उपाय थांबवून अर्धशिशीची तपासणी करून घ्यावी.

बारा आठवड्यांहून अधिक काळ त्रास राहिला, तर त्याला जुनाट दुखणं म्हणतात. त्यात उपचाराचा पाया दोन साध्या गोष्टींचा असतो. पहिली, मिठाच्या पाण्यानं नाक धुणं. योगाभ्यास करणाऱ्यांना जलनेती परिचित आहेच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन इथे सायनसचा त्रास असलेल्या ७६ जणांवर सहा महिने केलेल्या चाचणीत, रोज नाक धुणाऱ्यांची लक्षणं कमी झाली आणि औषधंही कमी लागली. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. मोठा पेलाभर पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ पुरतं. मात्र पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. नळाच्या पाण्यानं नाक धुतल्यामुळे अमिबाचा मेंदूला संसर्ग होऊन अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २०११ साली दोघांचा मृत्यू झाला होता. भांडंही रोज धुऊन वाळवावं.

दुसरी गोष्ट, स्टेरॉइडचा नाकातला फवारा. स्टेरॉइड म्हटलं की माणसं बिचकतात, पण फवाऱ्यातली मात्रा फार कमी असते आणि ती जागेवरच काम करते. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत सोडून देऊ नये. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं मारावा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न पडता बाहेरच्या बाजूला, त्या बोळाकडे जातो. याउलट नाक झटपट मोकळं करणारे थेंब पाच-सात दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत. पुढे त्यांच्यामुळेच नाक चोंदतं आणि थेंबांशिवाय झोप येत नाही.

काहींच्या नाकात द्राक्षांसारखे मऊ फुगवटे, म्हणजे पॉलिप होतात. वास जातो, दमाही जोडीला असतो. इथे बिघाड दारापुरता नसून सगळ्या अस्तराच्या दाहाचा असतो, म्हणून शस्त्रक्रियेनंतरही फवारा आणि नाक धुणं चालूच ठेवावं लागतं. अशा रुग्णांसाठी डुपिलुमॅब या इंजेक्शनाला अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली. ते महाग आहे, आणि बंद केल्यावर त्रास परतू शकतो.

काही लक्षणांत मात्र एक दिवसही थांबू नये. डोळ्याभोवती सूज येणं, एकाचे दोन दिसणं, दृष्टी कमी होणं, मान ताठणं, गाल बधिर होणं किंवा टाळूवर काळा डाग पडणं. कोविडच्या काळात, २०२१ साली, महाराष्ट्रानं म्युकरमायकोसिसची भयंकर साथ पाहिली. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा भरमसाट वापर यांमुळे ही बुरशी सायनसमधून डोळ्यांपर्यंत, मेंदूपर्यंत पोहोचली. कित्येकांचा डोळा किंवा वरचा जबडा काढावा लागला. मधुमेह असणाऱ्यांनी सायनसच्या दुखण्याकडे अधिक काळजीनं पाहायला हवं, ते यासाठी. तसंच एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर वरची दाढ तपासून घ्यावी. किडलेल्या दाढेचं मूळ गालातल्या सायनसच्या तळाला लागून असतं.

तेव्हा पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे गेलात, की "सायनससाठी कडक औषध द्या," असं म्हणण्याऐवजी एवढंच विचारा: "डॉक्टर, हे दार बंद कशानं झालं? सर्दीनं, ॲलर्जीनं, पॉलिपनं, दातानं, की माझं दुखणं सायनसचं नाहीच?" उपचार कोणता, किती दिवस आणि शस्त्रक्रिया लागणार की नाही, हे या उत्तरावर ठरतं.